उन्हात धरलेला पाय

मुलाने सगळे खरे सांगून टाकल्यानंतरही म्हाताऱ्या शिंप्याने रोज सकाळी आपला पाय खिडकीतल्या उन्हात का धरला? सुनेला विचारून झाले, शेजारच्या इस्त्रीवाल्याला विचारून झाले. खुद्द मुलाने तर स्वतःला विचारून विचारून हा प्रश्न पार झिजवून टाकला. उत्तर कोणाच्याच हाती लागलेले नाही. जे घडले ते घडले त्या क्रमाने मांडावे, यापलीकडे येथे काही करता येण्यासारखे नाही.

मुलगा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात संशोधक होता. डॉक्टरेट मिळवलेली, केस कानांपाशी पिकू लागलेले, बढती मात्र दर वर्षी हुलकावणी देणारी. गल्लीत त्याला कोणी डॉक्टर म्हणत नसे; पावडरवाला म्हणत. हे नाव बापानेच पाडलेले होते. प्रयोगशाळेतून येताना मुलाच्या सदऱ्याच्या बाह्यांवर पांढरी पूड बसलेली असे. पुढच्या खोलीत मशीनवर बसलेला शिंपी चष्म्यावरून बघे आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "लोकांची पोरं बाहेर जाऊन तोंड काळं करून येतात. आमचा बाह्या पांढऱ्या करून येतो."

ती पूड जस्ताच्या ऑक्साइडची होती. मलमांत आणि रंगांत वापरतात तेच द्रव्य. पण मुलगा त्याचे इतके सूक्ष्म कण तयार करी की साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते एकेकटे दिसत नसत. असे कण प्रकाश पडला की जागे होतात, हे त्याच्या आयुष्याचे सूत्र होते. औषधांना जंतू सरावतात आणि ती औषधे हळूहळू निकामी होतात. परंतु ज्या माऱ्यात जंतूच्या अंगाचीच चाळण होते त्याला तो सरावणार कसा, असा त्याचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद त्याने परिसंवादांत मांडला होता, एका नियतकालिकातल्या लेखात छापला होता, आणि घरी मशीनशेजारच्या बाकावर बसूनही सांगितला होता.

"अण्णा, कण एरवी नुसता पडून असतो. उजेड पडला की त्याच्या आतला इलेक्ट्रॉन उडी मारून जागा सोडतो. ती रिकामी जागा आणि तो उडालेला इलेक्ट्रॉन, दोघं मिळून पाण्यातनं आणि हवेतनं असे काही जहाल रेणू तयार करतात की जंतूच्या अंगाला भोकंच पडतात."

"म्हणजे उजेडात सुया तयार होतात."

"हो, तसंच म्हणा."

"आणि अंधारात?"

"अंधारात पावडर म्हणजे नुसती पावडर."

"मग तिच्यात आणि माझ्यात फरक काय? दिवे गेले की मी पण बसूनच असतो."

शिंप्याचे जग त्या पायमशीनभोवती होते. बायको गेल्यानंतर तर तो मशीनशी बोलतो की काय, अशी सुनेला शंका येई. सून टपाल कचेरीत खिडकीवर बसे; सकाळी निघताना ती सासऱ्याला गोळी देई आणि साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून जाई, कारण रक्तातल्या साखरेने त्याच्या पायांतली संवेदना कधीच गिळून टाकली होती. पायडलवर पाय आहे की नाही हे आपल्याला मशीनच्या आवाजावरून कळते, असे तो गमतीने सांगे. एके दिवशी तिनेच पायडलवर वाळलेला डाग पाहिला आणि पाय उलटा करून बघितला. मशीनच्या सुईचे तुटलेले टोक अंगठ्याखाली रुतले होते. किती दिवसांपासून, ते त्यालाही ठाऊक नव्हते.

टोक निघाले, जखम राहिली. औषधे बदलली, पट्ट्या बदलल्या, जखमेने काही दाद दिली नाही. रुग्णालयातल्या सर्जनबाईंनी तपासणीचे कागद पुढे सरकवले आणि आडपडदा न ठेवता सांगितले.

"यातले जंतू औषधांना जुमानत नाहीत. हाडापर्यंत पोचायच्या आत अंगठा आणि पुढचा पंजा काढू. आत्ता काढला तर टाच वाचेल. टाचेवर माणूस चालतो."

"माणूस चालतो हो," शिंपी म्हणाला, "पण मशीन चालत नाही."

"मोटर बसवून घेऊ, अण्णा," सून म्हणाली.

"मोटर लावली की शिवतं मशीन. शिंपी नुसता कापड धरून बसतो. तेवढ्यासाठी खुंटीसुद्धा चालेल."

सर्जनबाई हसल्या नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहिले. घरात शिकलेला माणूस तोच, तेव्हा तोच म्हाताऱ्याला वळवील, असा त्यांचा अंदाज असावा. मुलगा मात्र त्या क्षणी भलतेच काही पाहत होता. प्रयोगशाळेत त्याच्या काचेच्या प्लेटांवर याच जातीचे, याच औषधांना न जुमानणारे जंतू प्रकाशाखाली थोड्या अवधीत साफ होत आले होते.

"बाई, आम्हाला थोडे दिवस द्या," तो म्हणाला.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"आहे, पण तसला नाही."

"मग तसल्यांचं ऐका."

त्याने ऐकले नाही. उलट, पायऱ्या उतरताना बापाच्या काखेत हात घालून तो हळूच म्हणाला, "अण्णा, माझ्यावर सोडा." आणि शिंप्याने सोडले. येथून पुढे त्या पंजाचे जे व्हायचे ते मुलाच्या शब्दावर होणार होते.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीपाशी खुर्ची आली. सकाळचे ऊन खोलीत शिरले की मुलगा पट्टी सोडी, जखम धुई, पूड कालवलेल्या पाण्यात भिजवलेली जाळीदार पट्टी तिच्यावर पसरी आणि पाय स्टुलावर ठेवून उन्हाकडे वळवी. ऊन सरकले की स्टूल सरके. जखमेच्या कडा कोरड्या पडू लागल्या, ओल कमी झाली, वास गेला. सुनेलासुद्धा धीर आला. जस्ताचे ऑक्साइड ओली जागा कोरडी करते, म्हणूनच तर ते मलमांत घालतात; ही गोष्ट मुलाला पाठ होती, तरीही त्या दिवसांत ती त्याला एकदाही आठवली नाही.

इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा घेऊन खिडकीवरून जाई.

"काय अण्णा, पाय वाळत घातला का?"

"घातला. संध्याकाळी तुझ्याकडे इस्त्रीला पाठवतो. घडी नीट घाल."

असे हसणे त्या घरात फार दिवसांनी ऐकू येत होते.

आता त्या प्रयोगशाळेविषयी थोडे सांगणे भाग आहे. खोली लांब बोळाच्या टोकाला होती. तिच्यात आतून काळा रंग दिलेली एक लाकडी पेटी आणि पेटीच्या छताला एक दिवा. हा दिवा दुसऱ्या एका विभागाने टाकून दिलेला, याने मागून आणलेला. त्याच्यावरच्या चिठ्ठीत सौम्य जांभळा प्रकाश असे लिहिलेले होते आणि त्या चिठ्ठीवर सर्वांचा विश्वास होता. जंतू पसरलेल्या काचेच्या प्लेटा त्या दिव्याखाली ठेवायच्या, नंतर उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी काय उगवले ते पाहायचे. काही प्लेटांत पूड घातलेली असे. काही कोऱ्या, म्हणजे पुडीवाचून, केवळ तुलनेसाठी. पूड इतकी हलकी की श्वासानेही उडे. ती उडून कोऱ्या प्लेटांत पडली तर तुलनाच बाटली. म्हणून मुलाने अगदी सुरुवातीलाच एक शिस्त घालून दिली होती: पुडीच्या प्लेटांची झाकणे काढायची, कोऱ्यांची काढायची नाहीत. काचच ती, तिच्यातून उजेड जातोच. ही शिस्त त्याने वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून पाळली आणि विद्यार्थ्यांकडूनही पाळून घेतली.

एका सकाळी पट्टी बांधण्यात उशीर झाला. धावतपळत तो प्रयोगशाळेत पोचला, प्लेटा पेटीत ठेवल्या, आणि गडबडीत पुडीच्या एका प्लेटचे झाकण काढायचे विसरला. दुसऱ्या दिवशी कपाट उघडले तेव्हा त्या प्लेटवर जंतूंचा थर धरला होता, तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा. पूड होती, दिवा होता, प्रकाश पडला होता, तरी एकही जंतू मेलेला दिसत नव्हता.

आधी तो स्वतःवरच चिडला: एक प्लेट वाया गेली. हात धुता धुता तो थांबला. ओल्या हातांनीच त्याने ताज्या कोऱ्या प्लेटा काढल्या, पूड न घालता त्यांची झाकणे दूर केली आणि त्या दिव्याखाली सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या.

पुढचे काम कोणताही विद्यार्थी करू शकला असता. मोजमापाचे यंत्र दुसऱ्या विभागातून आणवले, आणि जे कळायचे ते कळले. दिव्यावर मुळात असायची ती जहाल किरण गाळून अडवणारी काच कधीच निखळून गेली होती. चिठ्ठी तेवढी राहिली होती. त्यातून येणारे किरण सौम्य नव्हते, जंतू थेट मारणारे होते. हे किरण काचेच्या झाकणाने अडतात. म्हणजे पुडीच्या प्लेटांतले जंतू दिव्याने मरत होते आणि कोऱ्या प्लेटांतले झाकणाखाली सुखरूप राहत होते. इतकी वर्षे त्याने पुडीची परीक्षा घेतलीच नव्हती. परीक्षा झाली होती ती झाकणाची. उघड्या प्लेटा उन्हात ठेवून पाहिल्या तेव्हा पुडीने थोडाफार फरक पडला, नाही असे नाही. पण तो इतका मंद आणि इतका वरवरचा की त्याच्या भरवशावर कोणी बोटावरचा ओरखडाही सोपवला नसता.

यावरून हे शास्त्रच खोटे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्यांनी आपले दिवे तपासले, कोऱ्या नमुन्यांना तोच प्रकाश दिला, त्यांना धातूंच्या ऑक्साइडांचा हा गुण खरोखर आढळला आहे. फरशांवर आढळला आहे, पाण्यात आढळला आहे. प्रकाश पोचेल तेथेच तो आढळतो, एवढेच. म्हाताऱ्याच्या पायातली जखम मात्र आता वरून कोरडी आणि आतून खोल होती, आणि आत अंधार होता.

त्या दिवशी मुलगा घरी आला आणि काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाय धुतला, पूड लावली, स्टूल उन्हात सरकवले. तिसऱ्या दिवशीही तेच. सर्जनबाईंची औषधे चालूच आहेत, जखम सुकते आहे, कदाचित आपोआप भरत असेल, असे तो स्वतःला बजावत राहिला. पट्टी बांधताना तो पायाकडे बघेनासा झाला. बोटे आपले काम करीत आणि नजर भिंतीवर असे. हे सुनेच्या ध्यानात आले. कचेरीला निघता निघता तिने त्याला स्वयंपाकघरात गाठले.

"काय झालंय?"

"कुठं काय?"

"अहो, माझ्याशी तरी नाटक नको. पायाकडे बघत नाही तुम्ही."

मग त्याने सांगितले. झाकण, दिवा, काच, सगळे. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. तिला त्यातले निम्मे समजले नसेल. उरलेले निम्मे पुरेसे होते.

"आजच्या आज सांगा त्यांना."

"कसं सांगू?"

"जसं मला सांगितलंत तसं. नाही जमत तर मी सांगते. पण मग त्यांना ते जन्मभर माझ्या तोंडून ऐकलेलं राहील, हे लक्षात ठेवा."

शिंपी खिडकीशी बसला होता. पाय स्टुलावर, मांडीवर कोणाचा तरी सदरा, हातात कॉलरची शिवण. मुलगा समोर जमिनीवर बसला.

"अण्णा, माझं चुकलं."

"कधी नाही ते. बोल."

त्याने सांगितले, काहीही राखून न ठेवता. म्हातारा दोरा ओढत होता. मध्ये एकदा त्याने तो दातांनी तोडला.

"म्हणजे झाकण काढलंच नाहीस तू?"

"कोऱ्या प्लेटांचं नाही काढलं. पावडर उडून पडेल म्हणून."

"काळजीनं ठेवलंस."

"काळजीनंच. पण अण्णा, या पावडरीत तसा काही जोर नाही. आपण आज दवाखान्यात जाऊ. पंजा काढू दे बाईंना."

"पंजा कशाला? सुकलाय की."

"वरनं सुकलाय."

"सगळं वरनंच सुकतं रे. आतनं कोणाचं काय सुकलंय?" म्हाताऱ्याने सदरा झटकला. "स्टूल जरा पुढं घे. ऊन चाललंय."

मुलाने विनवले. हात जोडले. आवाज चढवला, तेव्हा खिडकीवरून जाणारा इस्त्रीवाला थबकला आणि गठ्ठा सावरून पुढे गेला. शिंपी हट्टाला पेटला नाही, चिडलाही नाही; तो ऐकून घेई आणि पुढचा टाका घाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आत येताच त्याने स्वतःच पट्टी सोडली आणि हाक मारली, "अरे पावडरवाल्या, पावडर कुठंय? हात आखडता घेऊ नकोस, चांगली सढळ हातानं लाव."

मुलाने लावली. आपण काय लावतो आहोत हे पूर्ण जाणून, स्वतःच्या हातांनी, रोज लावली. न लावावी तर बाप पाय उघडा टाकून तसाच बसून राही. सर्जनबाईंना घरी बोलावण्याचा प्रयत्न झाला; रुग्णाची संमती नसेल तर मी येऊन काय करू, असा निरोप आला. सुनेने एकदा सासऱ्याला धारेवर धरले: "अण्णा, तुम्हाला कळलंय ना ते काय म्हणाले?" त्यावर तो म्हणाला, "कळायला मी काय शाळेत गेलोय?" आणि हसला.

त्याला कळले नव्हते, असे मानावे तर दुसरीही एक गोष्ट खरी आहे. त्याच दिवसांत त्याने अर्धवट राहिलेले सगळे कपडे हाताने शिवून पुरे केले. ज्यांना कात्री लागली नव्हती ती कापडे त्याने ज्याची त्याला परत पाठवली, माप घेतलेल्या गिऱ्हाइकांनाही. "सध्या जमायचं नाही, दुसरीकडे टाका," एवढाच निरोप. आजवर त्याने हाती आलेले कापड कधी परत केले नव्हते.

ताप चढला तो एका दुपारी, सून कचेरीत असताना. ती परतली तेव्हा म्हातारा मशीनवर डोके टेकून बसला होता आणि लाली घोट्यावर चढून पोटरीपर्यंत आली होती. रुग्णवाहिका आली. प्रयोगशाळेत निरोप गेला. मुलगा पोचला तेव्हा सर्जनबाईंनी पाय पाहिलेला होता.

"आता गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. आणि तेवढ्यानं भागेलच असं मी सांगत नाही. विष रक्तात गेलंय."

मुलगा बोलू लागला. पुडीचे, दिव्याचे, झाकणाचे सांगू लागला. बाईंनी त्याला मध्येच थांबवले. "ते नंतर. आधी इथं सही करा." त्या रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर ते त्याला सोसले असते. त्यांनी नुसता पेन पुढे केला.

पाय गेला. शिंपी त्यानंतर काही दिवस होता. शुद्ध येई आणि जाई. एकदा दुपारी त्याने डोळे उघडले, मुलाला ओळखले आणि विचारले, "इथं ऊन कुठल्या बाजूनं येतं?"

"या बाजूनं असेल, अण्णा."

"मग पडदा सार ना."

मुलाने पडदा सारला. खिडकीबाहेर हातभर अंतरावर पाण्याच्या टाकीची सिमेंटची भिंत होती. त्याने मागे वळून पाहिले. म्हाताऱ्याचे डोळे भिंतीकडे लागले होते. त्याला ती दिसली की नाही, हे सांगता येत नाही. दोन दिवसांनी, सून रात्रभर बसून सकाळी तोंड धुवायला गेली असताना, तो गेला.

अंत्यविधी उरकल्यावर मुलगा विभागप्रमुखांकडे गेला. सर वयाने त्याच्याहून लहान होते आणि त्याच्याविषयी त्यांना आदर होता. त्यांनी त्याला बसवले, दार लावून घेतले, सगळे ऐकून घेतले.

"तुमची मनःस्थिती मी समजू शकतो. पण आता हे उकरून काय साधणार? या कामावर चार मुलांच्या पदव्या उभ्या आहेत. हळूहळू विषय बंद करा. नवीन काहीतरी घ्या."

"सर, माझ्या वडिलांचा पाय त्या लेखावर गेला."

"पाय जखमेनं गेला."

"जखमेनं पंजा जाणार होता. पाय माझ्यामुळे गेला. आणि अण्णाही."

सरांनी हात टेकले. ज्या नियतकालिकात तो मुख्य लेख छापून आला होता त्याच्या संपादकांना मुलाने स्वतः कळवले, नव्या मोजमापांसकट. उत्तर यायला फार काळ लागला. मधल्या काळात त्याच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले. लेख मागे घेतला गेल्याचे कळले त्याच आठवड्यात त्याने परीक्षा विभागात बदली मागून घेतली. तिथे तो आजही आहे. शिंप्याचे मशीन सुनेने एका शिवणवर्गाला देऊन टाकले. ते नेताना मुलगा घराबाहेर निघून गेला होता. बापाने सगळे समजून-उमजून पाय उन्हात धरला की मुलाच्या शब्दावरचा त्याचा विश्वास मुलाच्याच शब्दानेही ढळला नाही, यातले कोणते मानले तर अधिक सोसवेल, हेही त्याला ठरवता आलेले नाही. दोन्हींत त्याला स्वतःसाठी कुठे जागा दिसत नाही.

नियतकालिकाने तो लेख २०१४ साली मागे घेतला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात, मागे घेतल्याची नोंद न करता, न भरणाऱ्या जखमांवरील उपचारांसाठी आशादायक पुरावा म्हणून त्याचा आधार दिलेला आहे.